दुसरी पसंती

हॅझलकोटच्या रानात ऑक्टोबरात हरीण मारायचं तर आधी आठ-दहा वर्षं थांबावं लागतं. बंदूक लागते, पोलिसांचं सर्टिफिकेट लागतं, ट्रेनिंग लागतं, ते सगळं आहेच. पण सगळ्यांत जास्त लागतो तो धीर. कॉव्हेंट्रीपासून पाऊण तासावरचं हे रान एका क्लबने भाड्याने घेतलेलं आहे. मेंबर सव्वीस. रानाचा मालक वर्षाला मोजकेच नर मारू देतो, आणि त्यातले ऑक्टोबरातले फक्त दोन. ऑक्टोबर मात्र सगळ्यांनाच हवा असतो, कारण तेव्हा फॅलो जातीचे नर माजावर येतात, पंजासारखी पसरलेली शिंगं घेऊन एकमेकांवर धावून जातात आणि म्हाताऱ्याने घोरावं तसा आवाज काढत दिवसभर हिंडतात.

पूर्वी ही दोन परमिटं चेअरमनच्या मित्रांना मिळायची. पबमध्ये त्याच्या शेजारी कोण बसतो यावर सगळं ठरायचं. मग सुहास क्लबात आला. सुहास बोरकर म्हणजे कल्याणीचा नवरा. गडचिरोलीकडच्या एका फॉरेस्ट गार्डचा मुलगा, नागपुरात शिकलेला, सॉफ्टवेअरमध्ये शिरून इंग्लंडला आलेला. बापाने जन्मभर चोरटे शिकारी पकडले आणि पोराला बंदुकीला बोट लावू दिलं नाही. म्हणूनच असेल, पण रीतसर परमिट काढून ऑक्टोबरातला एक नर मारायचा, हे सुहासच्या मनाने घेतलं होतं. चेअरमनच्या शेजारी बसून गोडगोड बोलणं काही त्याला जमेना. त्याऐवजी त्याने एक पद्धत लिहून काढली.

पद्धत अशी: दरवर्षी फेब्रुवारीअखेर फॉर्म भरायचा. पहिली पसंती लिहायची, वाटलं तर दुसरीही लिहायची. काहीच मिळालं नाही तर तुमच्या नावावर एक पॉइंट जमा. ज्याचे पॉइंट जास्त, त्याचा नंबर आधी. पसंतीतलं काहीही मिळालं, पहिलं असो की दुसरं, की पॉइंट शून्य आणि तुम्ही पुन्हा रांगेच्या शेपटाला. मचाणं दुरुस्त करायला आणि कुंपण बांधायला सलग तीन हिवाळे येईल त्याला एक पॉइंट जादा. आणि एखाद्या वर्षी फॉर्मच आला नाही तर साठवलेले सगळे पॉइंट रद्द. "आजारी असला तर? इंडियाला गेला असला तर?" असं मीटिंगमध्ये कोणीतरी विचारलं होतं. सुहास म्हणाला, "अपवाद नाही. अपवाद केला की वशिला शिरतो." गोऱ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि चेअरमन बिअर संपवून घरी गेला.

आठ वर्षांनी सुहासचे आठ पॉइंट झाले. तो वर्षभर आधीपासून सांगत सुटला होता की या वेळी आपला नंबर नक्की. आणि नेमका जानेवारीत त्याला पोटाचा कॅन्सर निघाला.

फेब्रुवारीत ऑपरेशन झालं. हॉस्पिटलच्या पलंगावर, जेवणाचा ट्रे पुढे ओढून त्याने फॉर्मवर सही केली. तेव्हा फॉर्म कागदी असायचे आणि केनिलवर्थला सेक्रेटरीच्या घरी नेऊन टाकावे लागायचे. भेटायला पुरुषोत्तम कर्णिक आलेला होता. पुरुषोत्तम सुहासचा जिवलग. पुण्याचा, बोलायला मोठा गोड, मटणाचा भारी शौकीन. सुहासनेच त्याला एक वर्षाने क्लबात ओढलं होतं, म्हणून त्याचे पॉइंट सात. तो म्हणाला, "वहिनी, तुम्ही कुठे धावपळ करता? माझा टाकायला जातोच आहे, याचाही टाकतो. डोंट वरी." कल्याणीने स्वतःच्या हाताने तो फॉर्म त्याला दिला. पुढे कित्येक वर्षं तिला त्या हाताचाच राग येत राहिला.

एप्रिलमध्ये यादी लागली. सुहास बोरकर, पॉइंट शून्य, कारण फॉर्म आलाच नव्हता. ऑक्टोबरातलं दुसरं परमिट पुरुषोत्तम कर्णिकला. तो तोंड एवढंसं करून घरी आला. म्हणाला, "राहूनच गेलं रे. तुझ्या टेन्शनमध्ये डोकंच चालत नव्हतं. कारमध्येच राहिला." कल्याणी क्लबला पत्र लिहायला बसली, तर सुहासने पेन काढून घेतलं. नियम त्यानेच लिहिला होता. त्याच्यासाठी तो मोडला असता तर आठ वर्षांची सगळी मेहनत त्यानेच मातीत घातली असती. त्या ऑक्टोबरात सुहास बरा होता. दोन मैल चालायचा, जिना चढायचा, मचाणावर सहज चढला असता. पुरुषोत्तमने नर मारला, त्याचं डोकं पेंढा भरून हॉलमध्ये लावलं आणि सुहासला मांसाचा डबा पाठवला. कल्याणीने तो डबा न उघडता बिनमध्ये टाकला. मार्चमध्ये सुहास गेला.

माणसं दुःखाने खचतात म्हणतात. कल्याणी खचली नाही, तिने डूख धरला. बर्मिंगहॅमच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करणारी, बंदूक फक्त सिनेमात पाहिलेली ही बाई, नवऱ्याचे वर्षाचे विधी उरकायच्या आत क्लबची मेंबर झाली. परीक्षा दिली, पोलिसांनी घरी येऊन बंदुकीचं कपाट तपासलं, सुहासची रायफल तिच्या नावावर झाली. हिवाळ्याच्या रविवारी ती चिखलात उभी राहून मचाणांचे खिळे ठोकायची. लोकांना वाटलं, नवऱ्याच्या आठवणीसाठी करते. ते खोटं नव्हतं. तिला दोन गोष्टी हव्या होत्या: सुहासचा ऑक्टोबरातला नर तिच्या हातून पडायला हवा होता, आणि पुरुषोत्तमला पुन्हा या रानात काही म्हणता काही मिळायला नको होतं. दरवर्षी यादी लागली की पुरुषोत्तमच्या नावावर एक पॉइंट चढायचा आणि तिच्या नावावरही. मनातल्या मनात ती त्याच्याकडे बघून म्हणायची, साठव बाबा, साठव.

चार वर्षांनी ती क्लबची सेक्रेटरी झाली. कोणी दुसरं तयारच नव्हतं.

या वर्षीच्या फेब्रुवारीत पुरुषोत्तम फॉर्म द्यायला स्वतः घरी आला. आता फॉर्म ऑनलाइन भरता येतो, पण त्याला चहा प्यायचा होता. त्रेसष्टचा झालेला, उजवा गुडघा गेलेला, केसांना रंग मात्र कडक. सोफ्यावर बसून म्हणाला, "वहिनी, ही शेवटची ट्राय. डिसेंबरला पुण्याला जातोय, कायमचा. आईकडे बघायला कोणी नाही. जाण्याआधी एकदा ऑक्टोबर मिळाला ना, की बस. सात पॉइंट झालेत माझे. नॉर्मनचे दहा आहेत, त्याचा नंबर पहिला. दुसरा माझाच, बरोबर ना?"

"ते ड्रॉ झाल्यावर कळेल," कल्याणी म्हणाली. तिचे स्वतःचे आठ होते. सहा न मिळाल्याचे आणि सहा हिवाळे खिळे ठोकल्याचे दोन. पुरुषोत्तम गुडघ्याचं निमित्त काढून कामाच्या रविवारी कधी फिरकलाच नव्हता, त्यामुळे ते दोन त्याच्या गावीही नव्हते.

"दुसरी पसंती लिहायलाच हवी का?"

"ऑप्शनल आहे."

तो पेनची टोपी दातांत धरून विचारात पडला. "लिहून टाकतो. बॅकअप असलेला बरा. काय लिहू? सप्टेंबर? नको, सप्टेंबरात एंडला पॅकर्स येणार. ऑगस्टचा शेवटचा आठवडा लिहितो. श्रावण तोवर संपलेला असतो, प्रॉब्लेम नाही."

इथे श्रावणाबद्दल सांगायला हवं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी पुरुषोत्तम इंग्लंडला निघाला, तेव्हा रंभाबाईंनी, म्हणजे त्याच्या आईने, त्याच्याकडून शब्द घेतला होता. अकरा महिने काय वाटेल ते खा, पण श्रावणात जिवाला हात लावायचा नाही, मारायचा नाही आणि खायचा नाही. पुरुषोत्तमचे वडील श्रावणात गेले होते. हा शब्द त्याने एकदाही मोडला नाही. ऑफिसच्या पार्टीत केकमध्ये अंडं आहे का ते विचारून घ्यायचा आणि त्याचा त्याला फार अभिमान होता. मित्राचा फॉर्म गाडीत कुजवलेला चालतो, श्रावणात केक चालत नाही. अशी माणसं असतात आणि रात्री त्यांना झोपही छान लागते.

कल्याणी श्रावण पाळत नव्हती, पण यंदा अधिक महिना आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. आदल्याच रविवारी नागपूरहून तिच्या आईचा फोन झाला होता. यंदा ज्येष्ठ अधिक, जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं वर्ष, आणि द्यायला जावई नाही, असं म्हणून आई फोनवर रडली होती. अधिक ज्येष्ठ म्हणजे पुढचे सगळे महिने पुढे सरकणार. श्रावण ऑगस्टच्या मध्यावर लागणार आणि सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत चालणार. पुरुषोत्तमने लिहिलेला आठवडा भर श्रावणात पडत होता. त्याने गेल्या वर्षीचा हिशेब धरला होता, बस्स.

एक वाक्य बोलायचं होतं. "यंदा अधिक महिना आहे." चार शब्द. कल्याणीच्या जिभेवर ते आले आणि तिने चहाच्या घोटाबरोबर गिळले. सेक्रेटरीने फॉर्मवर सही आहे का ते बघायचं असतं, मेंबरचं पंचांग बघायचं नसतं. तिने सही बघितली, तारीख घातली आणि फॉर्म फाइलला लावला. आठ वर्षांत तिला इतकं बरं वाटलं नव्हतं.

"थोडा चिवडा घ्या ना," ती म्हणाली.

एप्रिलमध्ये यादी लागली. ऑक्टोबर: नॉर्मन आणि कल्याणी बोरकर. पुरुषोत्तम कर्णिक: दुसरी पसंती, ऑगस्टचा शेवटचा आठवडा. पाच मिनिटांत फोन वाजला.

"वहिनी, आठ कुठून आले तुमचे?"

"खिळे ठोकून."

"म्हणजे?"

"रूल सेव्हन बघा. सुहासने लिहिलाय."

पलीकडून कागद उलटल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "ठीक आहे. ऑगस्ट तर ऑगस्ट. काहीतरी हाताला लागलं." कल्याणीने फोन ठेवला आणि एकटीच हसली.

जुलैअखेरीला तो दारात उभा राहिला. घामाघूम. दरवर्षी गटारीला त्याच्या घरी वीस माणसं हरणाच्या मटणावर ताव मारायची. त्या पार्टीची तारीख ठरवायला त्याने आईला व्हिडिओ कॉल केला होता आणि रंभाबाईंनी त्याला वेड्यात काढलं होतं. अजून दोन आठवडे आषाढ आहे, अधिक महिना होऊन गेला, तिकडे गोऱ्यांत राहून तुला महिने कळेनासे झाले का?

"वहिनी, डेट चेंज करून द्या. सप्टेंबरातली कुठलीही द्या. पॅकर्सना मी पुढे ढकलतो."

"सप्टेंबरातली सगळी दिलेली आहेत."

"मग कुणाशी तरी स्वॉप?"

"स्वॉप नाही. रूल इलेव्हन."

"तुम्ही सेक्रेटरी आहात. तुमच्या हातात आहे."

"माझ्या हातात काही नाही. अपवाद केला की वशिला शिरतो," कल्याणी म्हणाली आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. ते शब्द कुणाचे ते त्याला माहीत होतं.

तो सोफ्यावर बसला. गुडघा चोळत बसला. मग खाली बघून म्हणाला, "तुम्हाला माहीत होतं. फेब्रुवारीत. अधिक महिना आहे ते तुम्हाला माहीत होतं."

"मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

"नाही. तुम्ही मुद्दाम गप्प बसलात."

"बसले. मग? तुम्ही काय केलं होतं?"

आठ वर्षं हा प्रश्न तिने विचारला नव्हता. सुहास असताना त्याने विचारू दिला नाही, आणि तो गेल्यावर तिला उत्तर नको होतं, तिला बदला हवा होता. आता मात्र तो आपसूक तोंडून निघाला आणि पुरुषोत्तमच्या चेहऱ्यावरचं सगळं गोड बोलणं उतरून गेलं.

"विसरलो नव्हतो," तो म्हणाला. "गाडीच्या खणात होता. केनिलवर्थला गेलो, माझा टाकला, त्याचा हातात घेतला. त्याचे आठ, माझे सात. म्हटलं, हा ऑक्टोबरपर्यंत राहतो की नाही कुणाला माहीत. परमिट फुकट जाईल. असं म्हटलं मनात. आणि परत खणात ठेवला."

कल्याणीची आग मस्तकात गेली. त्याला मारावंसं वाटलं, खरोखर, हातातल्या कपाने. इतकी वर्षं तिला खात्रीच होती की त्याने मुद्दाम केलं, पण कारण तिला माहीत नव्हतं. परमिट फुकट जाईल! जिवंत माणसाचा हिशेब मांडून, त्याला वजा करून हा पुढे गेला होता, आणि तो माणूस त्या ऑक्टोबरात रोज दोन मैल चालत होता. नुसता नर हुकवून याचं भागणार नाही, असं तिला त्या क्षणी वाटलं. याच्या डोळ्यांसमोर झालं पाहिजे. याच्या हाताच्या अंतरावर, आणि हाताला काही न लागता.

"ऑक्टोबरात माझ्याबरोबर या," ती म्हणाली. "परमिट होल्डरला एक जण बरोबर नेता येतो. बंदूक मिळणार नाही. नुसतं बसायचं."

तिला वाटलं, तो अपमान समजून उठून जाईल. त्याने मान वर केली, डोळे भरलेले, आणि म्हणाला, "येतो."

इतकाही स्वाभिमान उरला नाही याला, कल्याणी मनात म्हणाली, आणि खूश झाली. ऑगस्टचा त्याचा आठवडा तसाच गेला. कोणी मचाणावर चढलं नाही.

तिच्या परमिटावर चार सकाळी होत्या, सोमवार ते गुरुवार, उजाडल्यापासून बारा वाजेपर्यंत. सोमवारी तिने त्याला घरून उचललं. ओकच्या झाडाला टेकवलेलं दोन माणसांचं मचाण तिनेच दुरुस्त केलेलं होतं. त्याला चढायला दहा मिनिटं लागली. ती खाली उभी राहून त्याचं कण्हणं ऐकत राहिली आणि मदतीला हात दिला नाही.

वर मांडीला मांडी लावून बसल्यावर थंडी वाजू लागली. रानात आधी काहीच दिसेना, नुसतं ते घोरणं ऐकू यायचं, कधी डावीकडून, कधी समोरून. मग धुक्यातून तो आला. अंगाने काळपट, मान सुजलेली, शिंगं ओल्या फळ्यांसारखी रुंद. ऐंशी यार्डांवर थांबून खुराने जमीन उकरू लागला, त्यातच मुतला आणि मग त्यात मनसोक्त लोळला. उठला तो पूर्ण आडवा, खांदा समोर. दुर्बिणीत तिला त्याच्या पापण्यासुद्धा दिसत होत्या.

"आता," शेजारून पुरुषोत्तम कुजबुजला. "वहिनी, आता."

त्याच्या आवाजातली ती कासाविशी ऐकून कल्याणीला काय वाटलं ते तिने कुणाला सांगितलं नसतं. इतकं गोड होतं ते, की लगेच संपवावंसं वाटेना. हाच माणूस, याच रानात, सुहासच्या जागेवर बसून गेला होता. आता तळमळू दे. तिने सेफ्टी लावली.

"आज नाही," ती म्हणाली. "अजून तीन दिवस आहेत."

मंगळवारी दुसरा एक नर आला आणि दोघांची जुंपली. शिंगांवर शिंगं आपटत होती, माती उडत होती, पालापाचोळा उधळत होता. पुरुषोत्तमने मचाणाचा कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. झुंज संपून काळा नर एकटाच उभा राहिला, साठ यार्डांवर, धापा टाकत. इतका सोपा नेम पुन्हा मिळणार नव्हता. "प्लीज," पुरुषोत्तम म्हणाला. कल्याणीने बोट ट्रिगरवर नेलं, त्याच्याकडे एकदा वळून बघितलं आणि बोट काढून घेतलं.

बुधवारी तो काहीच म्हणाला नाही. नर माद्यांच्या मागे हिंडला, एका हरिणीपुढे मान लांब करून उभा राहिला, तिने लाथ मारली तरी पुन्हा उभा राहिला. चाळीस यार्डांपर्यंत आला. पुरुषोत्तम हूं की चूं न करता बसून होता. मोडला, कल्याणीला वाटलं. पार मोडला. उद्या गुरुवार, शेवटचा दिवस. उद्या याच्या देखत तो नर पाडायचा, आणि मग याच्याच हाताने ओढत गाडीपर्यंत न्यायला लावायचा, गुडघा गेला खड्ड्यात. सुहाससाठी एक गोळी आणि बाकी सगळं माझ्यासाठी. परत येताना गाडी चालवताना ती गुणगुणत होती.

गुरुवारी नर आला नाही.

आठ वाजले, नऊ वाजले. उकरलेली जागा तशीच होती, ओली, रिकामी. साडेनऊला त्याचं घोरणं ऐकू आलं, पण दूर, कुंपणापलीकडच्या शेतातल्या झाडीत, जिथे क्लबचं परमिट चालत नाही. माद्या रात्रीतून तिकडे सरकल्या असतील आणि त्यांच्यामागे तो. कल्याणीने रायफल मांडीवरून खाली ठेवली नाही. दहा, अकरा, साडेअकरा. येईल, ती स्वतःला सांगत होती. तीन दिवस आला, आजही येईल. तीन दिवस तो तिचा होता आणि तीनदा तिने त्याला जाऊ दिलं होतं. सुहासचा नर तिने पुरुषोत्तमवर खर्च केला होता. हे तिला पावणेबाराला कळलं. तिने कुंपणाच्या दिशेने रायफल उचलली, तिथे फांद्यांशिवाय काही नव्हतं, आणि ती पुन्हा खाली केली.

बारा वाजले. आता तिचे पॉइंट शून्य. ती छप्पन्न वर्षांची होती, आणि पुन्हा आठ व्हायला किती वर्षं लागतात ते तिच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं.

तिने गोळ्या काढून खिशात टाकल्या आणि खाली उतरली. पुरुषोत्तम मागून उतरला, एकेक पायरी, कण्हत. खाली आल्यावर शिडी धरून उभा राहिला. तो रडत होता. निदान हे तरी, कल्याणी मनात म्हणाली. निदान हा तरी रडला.

"वहिनी," तो म्हणाला, "मी मारला ना, तेव्हा तो झाडीतून बाहेर आला आणि मी गोळी घातली. दोन सेकंद. जिवंत असा मी त्याला बघितलाच नव्हता. हॉलमध्ये रोज डोकं बघायचो आणि वाटायचं, आपण काय बघितलं?" त्याने बाहीने नाक पुसलं. "तुम्ही चार दिवस दाखवलात. पहिल्या दिवशी मला कळलं नाही, मी मूर्खासारखा आता आता करत होतो. काल लक्षात आलं. तुम्ही मारणारच नव्हतात. सुहासनेही शेवटी हेच केलं असतं."

"त्याचं नाव घेऊ नका."

"नाही घेत. पण एवढं बोलू द्या. मी काय केलं ते ऐकूनही तुम्ही मला इथे आणलंत. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यांत चांगल्या चार सकाळी, वहिनी. इतकी वर्षं छातीवर धोंडा होता तो उतरला. आता मी सुखाने पुण्याला जाईन. आज रात्री आईला सगळं सांगणार आहे."

 रायफल रिकामी होती ते बरंच झालं. "मी तुम्हाला माफ केलेलं नाही," ती म्हणाली. मग पुन्हा म्हणाली, ओरडून, इतक्या मोठ्याने की वरच्या फांदीवरचे पारवे उडाले. "ऐकलंत? तुम्ही तडफडावं म्हणून आणलं होतं मी तुम्हाला! मी माफ केलेलं नाही!"

पुरुषोत्तमने ते नीट ऐकून घेतलं. मग मोठ्या मनाच्या माणसांना आभार मानलेले आवडत नाहीत, हे समजल्यासारखी मान डोलावली आणि लंगडत, प्रसन्न चेहऱ्याने, तिच्या गाडीकडे चालू लागला.